नाम आणि विधान : लिनक्सच्या ‘डिव्हाइस ट्री’मधील नामकरणाचा एक विचार

शब्द जातीचा वाचक की व्यक्तीचा, हा प्रश्न भारतीय शब्दविचाराला नवा नाही. पाणिनीच्या १.२.६४ या सूत्रावरील वार्तिकांत कात्यायनाने वाजप्यायन आणि व्याडि या दोन आचार्यांची मते नोंदविली आहेत. वाजप्यायनाच्या मते शब्द आकृतीचा, म्हणजे अनेक वस्तूंत समान असलेल्या रूपाचा, वाचक असतो. व्याडीच्या मते तो द्रव्याचा, म्हणजे प्रत्यक्ष समोर असलेल्या वस्तूचा, वाचक असतो. हा वाद पाठशाळेबाहेर कोठे उपयोगी पडेल अशी आपली सहसा अपेक्षा नसते. तथापि लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हाच प्रश्न अगदी व्यावहारिक रूपाने उपस्थित झालेला आहे. तेथे एखाद्या उपकरणाला जातिनाम द्यावे की विशेषनाम, याचा निर्णय चुकला तर केवळ सिद्धान्ताची हानी होत नाही. यंत्र सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन भलतेच वागू लागते. प्रस्तुत लेखात या नामकरणाचे नियम तपासून पाहावयाचे आहेत. ते नियम बहुतांशी योग्य आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला एक भेद त्यांत स्पष्टपणे मांडला गेलेला नाही, आणि त्यामुळे वादाचे स्वरूपच पुष्कळदा चुकीचे समजले जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम विषयाची पार्श्वभूमी. आपल्या मेजावरील संगणकात पीसीआय किंवा यूएसबी या मार्गांनी जोडलेली उपकरणे स्वतःची ओळख स्वतःच देतात. कर्नलने विचारले की ती निर्माता आणि नमुना यांचे क्रमांक सांगतात. त्या क्रमांकांवरून कर्नल योग्य तो ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण कसे चालवावयाचे हे जाणणारा आपला भाग, निवडतो. भ्रमणध्वनीत किंवा रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकात मात्र बहुतेक उपकरणे एकाच चिपच्या पोटात बसविलेली असतात आणि त्यांतील बहुसंख्य मुकी असतात. अमुक पत्त्यावर काय आहे हे विचारून कळत नाही. चुकीच्या पत्त्यावर वाचन केले तर यंत्र गोठून जाण्याचाही संभव असतो. म्हणून त्या यंत्राचे वर्णन कोणीतरी आधी लिहून ठेवावे लागते. असे लिखित वर्णन म्हणजेच ‘डिव्हाइस ट्री’ होय.

या वर्णनपद्धतीचा उगम सन मायक्रोसिस्टिम्सच्या ओपन बूटमध्ये आहे. १९९४ मध्ये ‘ओपन फर्मवेअर’ या नावाने तिला आयईईई १२७५ हे प्रमाणरूप मिळाले. पॉवरपीसी यंत्रांवरील लिनक्सने तिचा स्वीकार केला, आणि २००८ मध्ये तद्विषयक ‘ईपॅपर’ हे प्रमाणपत्रक निघाले. एआरएम चिपांच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ प्रत्येक मंडलासाठी कर्नलमध्येच स्वतंत्र सी-भाषेतील फाइल लिहिली जात असे. या पसाऱ्याबद्दल लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी २०११ च्या मार्चमध्ये उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर हे सारे वर्णन हळूहळू कर्नलच्या आज्ञावलीतून काढून डिव्हाइस ट्रीमध्ये नेण्यात आले. २०१६ मध्ये ‘डिव्हाइसट्री स्पेसिफिकेशन’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या स्थित्यंतराचा एक परिणाम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वर्णन आणि वाचक हे आता वेगळे झाले. वर्णन यंत्राबरोबर एकदाच लिहिले जाऊन तेथेच राहू शकते. ते वाचणारा कर्नल मात्र वारंवार बदलतो. आज लिहिलेले वर्णन दहा वर्षांनंतरच्या कर्नललाही समजले पाहिजे, अशी या व्यवहाराची अट आहे. ताम्रपट कोरणाऱ्याला पुढील वाचकाची भाषा ठाऊक नसते आणि कोरलेले अक्षर त्याला मागे घेता येत नाही. डिव्हाइस ट्री लिहिणाऱ्याची स्थिती याहून फारशी वेगळी नाही.

आता नामकरणाकडे वळू. या वर्णनातील प्रत्येक उपकरणाच्या नोंदीत दोन प्रकारची नावे आढळतात. एक नोंदीचे स्वतःचे नाव : ‘सीरियल’, ‘इथरनेट’, ‘आयटूसी’ इत्यादी. प्रमाणपत्रकाची शिफारस अशी की हे नाव सर्वसामान्य असावे. ते उपकरणाचे कार्य सांगते, नमुना सांगत नाही. हे आपल्या व्याकरणातील सामान्यनाम झाले. दुसरे नाव ‘कम्पॅटिबल’ या गुणधर्माखाली येते. ड्रायव्हरची निवड त्याच्यावरूनच होते. तेथे निर्मात्याचे संक्षिप्त नाव, मग स्वल्पविराम आणि मग नमुन्याचे नाव, अशी रचना विहित आहे. शिवाय तेथे एकच नाव नसून नावांची क्रमबद्ध सूची देता येते : सर्वांत विशिष्ट नाव प्रथम, अधिक व्यापक नावे नंतर. प्रमाणपत्रकातील उदाहरणात ‘एफएसएल,एमपीसी८६४१’ हे नाव आधी आणि ‘एनएस१६५५०’ हे नंतर येते. पहिल्या नावाचा जाणकार ड्रायव्हर सापडला तर उत्तम. न सापडल्यास दुसऱ्या नावाच्या जाणकाराने काम चालवावे.

व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे उत्सर्ग आणि अपवाद यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूस सारतो आणि विशेषाचा विषय नसेल तेथे सामान्य प्रवृत्त होतो. साम्य खरे आहे. पण भेदही महत्त्वाचा आहे. व्याकरणात अपवाद आणि उत्सर्ग हे दोन्ही जाणणारा वाचक एकच असतो. येथे वाचक अनेक आहेत आणि त्यांचे ज्ञान कमीअधिक आहे. सूचीची योजनाच अशी की अल्पज्ञ वाचकालाही काहीतरी हाती लागावे.

प्रश्न असा की विशिष्ट नावाचा हा आग्रह कशासाठी? जातिनामाच्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे सकृद्दर्शनी बिनतोड वाटते. एकाच कुळातील दहा चिपांमध्ये हुबेहूब तेच उपकरण असेल तर दहा नावे कशाला? फ्रीस्केलच्या एमपीसी ८३ मालिकेतील चिपांसाठी शेवटच्या अंकांच्या जागी ‘एक्स’ ही अक्षरे घालून ‘एमपीसी८३एक्सएक्स’ असे एकच नाव का असू नये? कर्नलच्या दस्तऐवजांनी अशा नावांचा स्पष्ट निषेध केला आहे, आणि तो योग्य आहे. ‘एक्स’ घालून केलेले नाव जातिनाम असल्याचा भास होतो. वस्तुतः ते भविष्यकथन असते. आज अस्तित्वात नसलेली चिपही आजच्यासारखीच असेल, असे ते गृहीत धरते. निर्माता उद्या त्याच मालिकेत वेगळ्या वागणुकीची चिप काढू शकतो. मालिकेचे नाव विक्रेत्याच्या सोयीने ठरते, रचनेच्या साम्याने नव्हे.

याऐवजी सुचविलेला मार्ग मोठा मार्मिक आहे. व्यापक नाव म्हणून काल्पनिक जातीचे नाव न घेता, त्या प्रकारच्या पहिल्या प्रत्यक्ष चिपचे नाव घ्यावे आणि नंतरच्या चिपांनी आपले विशिष्ट नाव पुढे ठेवून तिचा हवाला द्यावा. येथे सामान्य हे अमूर्त राहत नाही. एक ज्येष्ठ व्यक्तीच सामान्याचे काम करते. जाति आणि व्यक्ती यांच्या वादात ही व्याडीच्या पक्षाची सरशी म्हणता येईल : आकृती द्रव्यावाचून सांगताच येत नाही, म्हणून तिच्यासाठीही एका द्रव्याचेच नाव घ्यावे.

याचे फळ काय, ते रास्पबेरी पायच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५ ही चिप होती. तिच्यातील आयटूसी हे उपकरण दोन तारांवरून इतर घटकांशी संभाषण करते. या संभाषणात मंद घटकाला ‘जरा थांब’ असे सांगण्याची सोय असते : तो घड्याळाची तार काही काळ खाली धरून ठेवतो. बीसीएम२८३५ मध्ये ही खूण ओळखण्यात दोष होता. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मधील बीसीएम२७११ या चिपमध्ये तो दोष उरला नाही. तिच्या वर्णनात ‘बीआरसीएम,बीसीएम२७११-आयटूसी’ हे नाव प्रथम आणि ‘बीआरसीएम,बीसीएम२८३५-आयटूसी’ हे नंतर लिहिले जाते. केवळ जुने नाव जाणणारा कर्नल दोष आहे असे मानून जपून वागतो, पण त्याचे काम चालते. नवे नाव जाणणारा कर्नल ते बंधन काढून टाकतो. वर्णनात केवळ जुने नाव असते, किंवा ‘बीसीएम-आयटूसी’ असे काही गोळाबेरीज नाव असते, तर कोणत्याही कर्नलला, तो कितीही सुज्ञ झाला तरी, हा भेद त्या नोंदीवरून करता आला नसता.

नावातील एक वर्ण किती भार वाहू शकतो, याचेही उदाहरण येथे सापडते. नॅशनल सेमीकंडक्टरच्या १६५५० या अनुक्रमिक संदेशवाहक चिपमध्ये अक्षरे साठविण्याची एक छोटी रांग होती, पण मूळ चिपमध्ये ती सदोष निघाली. सुधारलेल्या चिपला १६५५०ए असे नाव मिळाले. लिनक्सचा ड्रायव्हर ‘एनएस१६५५०’ आणि ‘एनएस१६५५०ए’ ही दोन नावे आजही वेगळी मानतो, आणि पहिल्या नावाखाली त्या रांगेवर विसंबत नाही. ध्वनिविचारात एका वर्णाने अर्थभेद होणाऱ्या शब्दांच्या जोडीला जे महत्त्व आहे, तेच येथे या ‘ए’ला आहे.

येथवर रूढ मताचे समर्थन झाले. आता त्याच्या उणिवेकडे वळावयाचे. या नियमांमागील घोषित तत्त्व असे की डिव्हाइस ट्रीने यंत्राचे वर्णन करावे; कोणता कर्नल काय करू शकतो याची पर्वा करू नये. हे तत्त्व सूचीतील पहिल्या पदाला पूर्णपणे लागू पडते. पण पुढच्या पदांचे काय? ‘ही चिप बीसीएम२७११ची आहे’ हे वस्तूविषयीचे नाम आहे. ‘ती बीसीएम२८३५सारखी चालविता येईल’ हे नाम नव्हे. ते विधान आहे. साम्य हे नेहमी कोणाच्या तरी दृष्टीने साम्य असते, आणि येथे ती दृष्टी वाचकाची आहे : जुन्याचाच जाणकार असलेला वाचक नव्या वस्तूकडे पाहून फसणार नाही, असे आश्वासन लेखक देत असतो. ‘कम्पॅटिबल’ हा शब्दच संबंधवाचक आहे. एकाच सूचीत, एकाच रूपात, एकाच अवतरणचिन्हांत नाम आणि विधान शेजारी बसविले गेले आहे. आणि जातिनाम विरुद्ध विशेषनाम असा जो वाद दिसतो तो बहुतांशी या दोहोंच्या सरमिसळीतून उद्भवतो.

हा भेद मान्य केला की पुष्कळ गोष्टी सुटसुटीत होतात. केवळ सर्वसामान्य नाव लिहिणारा लेखक विधान करतो, पण कशाविषयी ते सांगत नाही. त्याच्या वाक्यात उद्देश्यच नाही. उलट, नव्या चिपसाठी जुन्या चिपचे नाव तेवढेच लिहिणारा विधानाला नामाच्या जागी बसवितो. रास्पबेरी पायच्याच बीसीएम२८३६ आणि बीसीएम२८३७ या चिपांच्या वर्णनात अनेक उपकरणांपुढे केवळ बीसीएम२८३५चे नाव आहे. कोणती चिप हे कळावयाचे तर नोंद सोडून वृक्षाच्या मुळाशी, मंडलाच्या नावापाशी, जावे लागते. तेथे ते कळते म्हणून निभावते, एवढेच.

विधान वाचकसापेक्ष आहे याचा पुरावा कर्नलच्याच वागणुकीत मिळतो. ‘सर्वांत विशिष्ट नाव प्रथम’ हा क्रम कर्नल पाळतो, पण तो एकाच ड्रायव्हरच्या सारणीपुरता. दोन वेगळे ड्रायव्हर असतील, एक विशिष्ट नावाचा आणि दुसरा व्यापक नावाचा, तर त्यांची तुलना कोणी करीत नाही. जो आधी हजर होतो तो उपकरण ताब्यात घेतो. म्हणून ब्रॉडकॉमच्या बीसीएम७२७१ या चिपमधील संदेशवाहकासाठी स्वतंत्र ड्रायव्हर आला तेव्हा, तो उपलब्ध असल्यास आपण माघार घ्यावी, अशी तपासणी सर्वसामान्य ड्रायव्हरमध्ये घालावी लागली. उत्सर्गाने अपवादाची यादी स्वतःच्या खिशात बाळगावी, असा हा प्रकार आहे. वर्णनात विशिष्ट नाव होते म्हणूनच ही तपासणी करता आली, हे खरे. पण सूचीचा क्रम आपोआप अर्थ निर्माण करीत नाही, तो वाचकाने पाळावा लागतो, हेही तितकेच खरे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. विशिष्ट नाव म्हणजे सत्य नाव, अशी एक समजूत या चर्चेत नकळत शिरते. ती तपासून पाहिली पाहिजे. लिनक्समध्ये ‘स्पाइडेव्ह’ नावाचा एक ड्रायव्हर आहे. एखाद्या उपकरणाशी वापरकर्त्याच्या आज्ञावलीला थेट बोलता यावे एवढीच सोय तो करतो. पूर्वी पुष्कळ जण वर्णनात ‘स्पाइडेव्ह’ हेच नाव लिहीत. हे नाव कोणत्याही वस्तूचे नाही, लेखकाच्या इच्छेचे आहे. म्हणून २०१५ मध्ये कर्नल त्याविरुद्ध मोठ्याने इशारा देऊ लागला आणि पुढे असे नाव नाकारूही लागला. परिणाम काय झाला? त्या ड्रायव्हरच्या सारणीत रोह्म कंपनीच्या एका चिपचे ‘रोह्म,डीएच२२२८एफव्ही’ हे विशिष्ट नाव होते. ज्यांच्या मंडलावर ती चिप कधीच नव्हती असे अनेक लेखक तेच नाव लिहून आपले काम साधू लागले. कळस असा की ते नाव मुळातच चुकीचे लिहिलेले होते : चिपचे खरे नाव ‘बीएच’ने सुरू होते, ‘डीएच’ने नव्हे. २०२४ मध्ये शुद्ध नाव सारणीत आले. अस्तित्वात नसलेल्या चिपचे विशिष्ट नाव सर्वसामान्य नावाचे काम करीत होते, यापेक्षा बोलके उदाहरण कोणते? नियमाने रूप विशिष्ट करता येते. सत्य विशिष्ट करता येत नाही.

हे उदाहरण लबाडीचे म्हणून बाजूस ठेवावयाचे असेल तर प्रामाणिक लेखकाचेही देतो. सपाट पडद्यांच्या बाबतीत प्रत्येक पडद्याचे नेमके नाव लिहावे असा संकेत होता. पण लॅपटॉप बनविणारा कारखाना एकाच नमुन्यात, पुरवठा होईल तसा, दोन-तीन निर्मात्यांचे पडदे बसवितो. वर्णनात एक नाव आणि यंत्रात दुसराच पडदा, अशी स्थिती होई. येथे लेखक खोटे बोलत नव्हता. जे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते ते सांगण्याची त्याच्यावर सक्ती होती. यावर २०२१ मध्ये ‘ईडीपी-पॅनेल’ हे सर्वसामान्य नाव मान्य करण्यात आले. या प्रकारचा पडदा आपली ओळख साठवून ठेवतो आणि विचारल्यावर सांगतो. तेव्हा वर्णनाने ‘येथे असा पडदा आहे, त्यालाच विचारा’ एवढे म्हणावे, हे उचित ठरले. ‘जेडेक,स्पाय-नॉर’ या स्मृतिचिपांच्या सर्वसामान्य नावाचेही समर्थन असेच आहे : एका ठरावीक आज्ञेला त्या आपला ओळखक्रमांक उत्तरादाखल देतात. ‘जीपीआयओ-लेड्‌स’ यासारख्या नावांची गोष्ट आणखी सोपी. एका तारेवर लावलेल्या दिव्याला चालू आणि बंद यांपलीकडे स्वभावच नाही. तेथे विशेषनाम देऊन वाचकाच्या ज्ञानात काही भर पडत नाही.

म्हणजे सर्वसामान्य नावाची योग्य स्थाने दोन : जेथे वस्तू स्वतः आपले नाव सांगू शकते, आणि जेथे नाव घेण्याजोगा विशेषच नाही. इतरत्र, म्हणजे मुक्या आणि गुंतागुंतीच्या उपकरणांच्या बाबतीत, विशिष्ट नाव आवश्यक आहे. कारण लेखकाने ते आज लिहिले नाही तर उद्या त्या वस्तूकडून ते काढून घेण्याचा मार्ग उरत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक नव्या चिपसाठी नवे नाव नोंदवावयाचे, आणि ड्रायव्हरमध्ये त्यामुळे एका अक्षराचाही फरक पडत नाही, हा निव्वळ कारकुनी व्याप नव्हे काय? व्याप आहे, यात शंका नाही. पण ड्रायव्हरला आज ते नाव जाणण्याची गरज नाही, हा त्या नावाविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. ते नाव आजच्या वाचकासाठी लिहिलेलेच नाही. चिपमधील दोष बहुधा ती बाजारात गेल्यावर सापडतात. त्या दिवशी नव्या कर्नलला जुन्या यंत्रांतून नेमकी तीच चिप निवडून काढता यावी, यासाठी ते आधीच तेथे असावे लागते. न वापरलेले नाव व्यर्थ नसते, ते राखीव असते.

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी पाणिनीला जाति आणि व्यक्ती हे दोन्ही पक्ष मान्य होते असा निर्वाळा दिला आहे. डिव्हाइस ट्रीच्या सूचीतही दोन्ही पक्षांना स्थान आहे; मात्र ते एकाच आसनावर नव्हे. पहिल्या पदाने ‘ही वस्तू कोणती’ एवढेच सांगावे, आणि लेखकाला ते निश्चित ठाऊक असेल तरच सांगावे. पुढील पदांनी ‘ती कोणासारखी चालेल’ हे सांगावे, आणि त्या आश्वासनाची जबाबदारी घ्यावी. २०१८ पासून ही बाइंडिंगे यंत्राला तपासता येतील अशा सारणीबद्ध रूपात लिहिली जाऊ लागली आहेत. त्यामुळे सूचीचा क्रम आणि शब्दांचे रूप यांतील चुका आता लेखनाच्या वेळीच पकडता येतात. परंतु मंडलावर नसलेल्या चिपचे शुद्ध लिहिलेले नाव त्या चाळणीतून बिनधोक निघून जाते. ते अडवावयाचे काम अद्याप वाचणाऱ्या माणसाचेच आहे, आणि त्यासाठी त्याने प्रत्येक पदापाशी थांबून हे नाम आहे की विधान, असे विचारले पाहिजे.